औषधाला न जुमानणारी गाठ

डॉक्टरांनी आधी माझ्या हाताकडं बघितलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर आणि ते ओढणीनं गळ्यात अडकवलेलं. मग त्यांनी उजेडाच्या काचेला लावलेल्या फोटोकडं बघितलं आणि विचारलं, "बाई, हा हात यांनी मोडला का?"

मी म्हणाले, "न्हाई. गोठ्यात पडले."

दारात पोलीस जमादार उभा होता. तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेनाच्या टोकानं कपाळामागची जागा दाखवली. तिथं मोठ्या लिंबाएवढा पांढरट गोळा होता.

"ब्रेन ट्यूमर आहे, म्हणजे मेंदूतली गाठ. ही जागा फ्रंटल लोबची, कपाळामागच्या मेंदूची. राग आला तरी हात आवरायचा, कुठं काय बोलायचं हे ठरवायचं, ही या भागाची कामं. गाठ तिथंच बसलीय. आता खरं सांगा."

"त्यांनीच मोडला," मी म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

मागच्या खाटेवर माझे मालक पडले होते. दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेच्या गजाला बांधलेली. तोंड सुजून एवढं झालेलं की डोळे दिसत नव्हते. ती सूज गाठीची नव्हती. गावानं मारल्याची होती.

हे सगळं बीडच्या दवाखान्यात घडलं. आमचं गाव नेकनूरपासून आत आहे. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण 'हे' आणि 'ह्यांनी' असं लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. म्हणून इथं नाव घेते, उत्तमराव. माझं नाव शोभा. ज्यांच्या घरातला शांत माणूस एकाएकी मारायला उठलाय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. काही लपवणार नाही, माझं स्वतःचंही.

उत्तमराव गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. अकरा वर्षं त्यांनी सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं, काचेच्या नळीत तपासून त्याची फॅट काढली, कॅन गाडीवर चढवले. कुणाच्या दुधात पाणी निघालं तर चारचौघांत बोलायचे नाहीत. त्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचे. लाथाडणाऱ्या म्हशीला "बाई, उभी ऱ्हा की गं" म्हणायचे. चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता. आमच्या ऋतुजाला तर साधं रागावायचेही नाहीत.

मग दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी विहिरी आटल्या, दुसऱ्या वर्षी बोअर. निम्म्या गावानं गुरं विकली. जिथं वीस कॅन दूध जायचं तिथं दोन भरेनात. सोसायटीनं मग कोरड्या तलावाच्या कडेला चारा छावणी उघडली. जनावरामागं रोज ठरावीक चारा आणि पेंड मोजून द्यायची, हे काम उत्तमरावांकडं आलं. दिवसभर उन्हात, शेकडो जनावरं आणि प्रत्येक मालकाची एकच तक्रार, माझ्या बैलाला कमी दिलं.

म्हणूनच पहिली लक्षणं कुणाच्या लक्षात आली नाहीत. सकाळी उठलं की डोकं दुखायचं आणि उलटी व्हायची. आम्ही म्हणालो, ऊन लागलं. माझे वडील आलेले असताना त्यांच्यासमोर घाणेरडी शिवी दिली. म्हणालो, ताण आहे. छावणीत बायका शेण भरत होत्या, त्यांच्यादेखत उभ्यानं लघवी केली. एक म्हातारी म्हैस मेली, तिचा मालक रडत होता, आणि उत्तमराव तिच्या पोटावर पाय ठेवून हसत होते. तेव्हा मी घाबरले. पण त्या साली टँकरच्या पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडत होते. वेडं कोण आणि शहाणं कोण, हे ओळखायला यायचं नाही.

पहिला मार मला कॅनच्या झाकणानं बसला. कानामागं. कारण आठवत नाही, बहुतेक कारण नव्हतंच. मी जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा. बाप्या माणूस हाय, दुष्काळ हाय. कावून बोभाटा करती?"

मी गप्प राहिले. नंतर रोजच व्हायला लागलं. लाथ, बुक्की, हाताला येईल ती वस्तू. मारताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा, याची मला जास्त भीती वाटायची. लाकूड फोडणारा माणूस जसा लाकडाकडं बघतो तसे ते माझ्याकडं बघायचे.

हात मोडला तो दिवस सांगते. ऋतुजा टँकरवरून घागर घेऊन आली आणि उंबऱ्याला अडखळली. सगळं पाणी सांडलं. उत्तमराव जेवायला बसले होते. ते उठले, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि पोरीच्या डोक्यावर धरलं. मी मधे हात घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. ऋतुजा किंचाळत बाहेर पळाली. मी भिंतीला टेकून खाली बसले, हात दुमडलेला, पण मधूनच. उत्तमरावांनी मुसळ जागेवर ठेवलं, परत ताटावर बसले आणि राहिलेली भाकरी खाल्ली.

त्याच दिवशी माझा भाऊ येऊन ऋतुजाला तेलगावला घेऊन गेला. मलाही चल म्हणाला. मी गेले नाही. कावून गेले नाही, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. घर कुणी बघायचं असं म्हणाले होते, पण घरात बघण्यासारखं काय होतं?

पंधरा दिवसांनी छावणीतून माणूस पळत आला. "वैनी, चला लवकर. उत्तमनं भगवानबप्पाला मारलं."

भगवानबप्पा सत्तरीचे. त्यांच्याकडं दोन बैल आणि थोडी शेरडं. चारा कमी पडला एवढंच म्हणायला ते वजनकाट्याजवळ आले होते. उत्तमरावांनी पाच किलोचं लोखंडी वजन उचललं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. बप्पा पडल्यावर पुन्हा खांद्यावर हाणलं. मी पोचले तेव्हा बप्पा शेणात पडले होते. जबडा एका बाजूला सरकलेला, तोंडातून रक्त आणि दात येत होते.

उत्तमरावांना लोकांनी दाव्यानं लाकडी खांबाला आवळलं होतं. आठ-दहा जण मारत होते. कुणाच्या हातात ऊस, कुणाकडं आसूड, कुणाकडं नुसता दगड.

"बोल बे, म्हाताऱ्याला कावून मारलं? बोल!"

"ह्याला सोडू नका. आज ह्याला हितंच गाडा."

त्यात आमच्या शेजारचा माणूस होता, सोसायटीचे दोन संचालक होते. ज्यांच्या बैलाला उत्तमरावांनी रोज आपल्या हातानं पेंड घातली होती, तेही होते. उसाचा दांडा तोंडावर फुटला की पुन्हा नवा घ्यायचे. चारा म्हणून आणलेला ऊस होता तो.

मी काहीही लपवणार नाही असं वर लिहिलंय, म्हणून हे लिहिते. मी लगेच ओरडले नाही. प्लास्टरचा हात पोटाशी धरून मी उभी राहिले आणि बघत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. माझ्या अंगावरचा प्रत्येक वळ त्या वेळी थंड पडत होता. मग त्यांची मान मागं गेली, डोळे पांढरे झाले, सगळं अंग दाव्यात ताठ होऊन झटके द्यायला लागलं. तोंडातून फेस आला. कुणी तरी म्हणालं, "अंगात आलं," आणि सगळे दोन पावलं मागं सरले. तेव्हा मी ओरडले.

ती फीट होती. पोलीस आले, दोघांनाही बीडला नेलं. बप्पा एका वॉर्डात, उत्तमराव दुसऱ्यात. फीट आली म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन केला, आणि गाठ सापडली. गावानं मारलं नसतं तर कदाचित ती सापडायला आणखी उशीर झाला असता. हा विचार मला अजून सोसत नाही.

तिथून औरंगाबादला. एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचा जास्त बारकाईनं काढलेला फोटो. मोठे सर्जन म्हणाले, "ताबडतोब ऑपरेशन. मेंदूवर सूज आहे, ती कमी करायला स्टेरॉईड देतोय. त्यानं चिडचिड आणखी वाढेल, तयारीत राहा." वाढलीच. सलाइन लावायला आलेल्या नर्स मावशींच्या हाताचा त्यांनी चावा घेतला, मांस दिसेपर्यंत. मावशींनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि परत येऊन सलाइन लावलं. मला म्हणाल्या, "ह्या वॉर्डात आसंच आस्तंय बाई. तू भिऊ नगं." त्या माउलीचं नाव मी विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

ऑपरेशन सहा तास चाललं. कवटीचा तुकडा काढून गाठ काढली आणि तुकडा परत बसवला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "दिसत होती तेवढी काढली. पण हिची मुळं हरळीसारखी पसरतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी उत्तमराव शुद्धीवर आले. त्यांनी पाणी मागितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. मग म्हणाले, "शोभे, हाताला काय झालं गं?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मुसळ नाही, बप्पा नाही, खांब नाही. मी म्हणाले, "पडले." आणि संडासात जाऊन नळ सोडून रडले.

गाठीच्या तुकड्याची तपासणी झाली, त्याला बायोप्सी म्हणतात. रिपोर्टमध्ये शब्द होता ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या गाठींमधली सगळ्यात दांडगी जात. इथून पुढं आमची केस कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमकडं गेली. वयानं माझ्याएवढ्याच असतील. पाटोद्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या, म्हणून बोलणं समजायचं.

सहा आठवडे रेडिएशन. जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवून डोकं टेबलाला खिळवून ठेवतात आणि किरणं सोडतात. पहिल्या दिवशी मुखवटा बसवताना उत्तमराव लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. "बांधू नका, म्हणावं. मला बांधू नका." डोक्याला आठवत नव्हतं, पण अंगाला दाव्याची आठवण होती. सोबत टेमोझोलोमाइड नावाच्या कॅप्सूल होत्या. ही केमोथेरपी, म्हणजे गाठीच्या पेशी मारायचं औषध. उलट्या, थकवा, टाळूवरचे केस गेले. पण माणूस जागेवर होता. घरी आलो. ऋतुजा तेलगावलाच ठेवली होती, ती भेटायला आली तरी दारातच उभी राहायची. सोसायटीचं काम आता मी करत होते, कारण उत्तमरावांना आकडे जुळेनात. ते शेजारी बसून मला फॅट काढायला शिकवायचे.

पाच महिने असे गेले. मग एका सकाळी त्यांना परत उलटी झाली.

मला कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण पुढच्या एमआरआयला बारा दिवस होते आणि मी स्वतःला सांगितलं, बारा दिवस काढू. चौथ्या दिवशी सकाळचं दूध घालायला बायका रांगेत उभ्या होत्या. मी नळीत दूध भरत होते. उत्तमराव मागून आले आणि त्यांनी माझा गळा धरला. भिंतीवर डोकं आपटलं, एकदा, दोनदा. काचेच्या नळ्या फुटल्या. मला त्यांचे अंगठे गळ्यात रुतलेले कळत होते आणि त्यांचा चेहरा तसाच, लाकडाकडं बघणारा. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. मग बायका तुटून पडल्या. किटल्या, झाकणं, चपला, मिळेल त्यानं त्यांनी उत्तमरावांना हाणलं. एकीनं त्यांच्या मनगटाला दातानं धरलं तेव्हा पकड सुटली. दुधात आणि काचेत ते खाली पडले आणि फीट आली.

पुढचा आठवडा मला गिळता येत नव्हतं. बोलायची तर आवाजच फुटायचा नाही.

एमआरआयमध्ये गाठ परत आलेली होती. आधीच्या जागेला लागूनच. कधीकधी रेडिएशनमुळं नुसती सूज येते आणि ती गाठीसारखी दिसते, म्हणून आणखी एक तपासणी केली. सूज नव्हती. मॅडमनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"शोभाताई, औषध पेशीच्या आतला धागा तोडतं. धागा तुटला की पेशी मरायला पाहिजे. पण काही पेशींत दुरुस्ती करणारं एक प्रथिन असतं, एमजीएमटी म्हणतात त्याला. औषधानं तोडायचं आणि यानं सांधायचं. काही रुग्णांत हा दुरुस्तीवाला झोपलेला असतो, त्यांना औषध चांगलं लागू पडतं. यांच्यात तो टक्क जागा आहे. याला रेझिस्टन्स म्हणतात. गाठ औषधाला जुमानत नाही."

मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग आता?"

"परत ऑपरेशन केलं तर बोलणं जाईल, इतकी ती आत घुसलीय. दुसरी केमो आहे, पण माझा तिच्यावर भरवसा नाही. एक तपासणी करायची राहिलीय. पहिल्या ऑपरेशनमधला गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो. त्यातल्या पेशींचे जीन तपासायचे, म्हणजे या पेशी कशाच्या जोरावर वाढतायत ते शोधायचं. काही सापडेलच असं नाही. सापडलं तर त्यावरच घाव घालता येईल. मुंबईला पाठवावा लागेल. तीन-चार आठवडे लागतील."

त्या आठवड्यांबद्दल कमी लिहिते. शांत करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, त्यानं ते दिवसभर गुंगीत असायचे, पण गुंगीतून उठले की हात चालायचा. घरातला विळा, कोयता, खलबत्ता, मुसळ, सगळं मी शेजारी नेऊन ठेवलं. भाजी चिरायला शेजारी जायची. माझा भाऊ कामधंदा सोडून येऊन राहिला. एकदा त्याच्या बरगडीत लाथ बसली. तो श्वास धरून बसला आणि म्हणाला, "आक्का, हा मरू दे गं आता." मीही तेच मागत होते. कपिलधारच्या देवस्थानाच्या दिशेला हात जोडून मी रोज तेच मागायची, आणि मग उठून त्यांच्या तोंडात गोळी घालायची. दोन्ही खरं होतं. तुमच्या मनात असं आलं तर स्वतःला पापी म्हणू नका. फक्त गोळी द्यायची चुकवू नका.

चौथ्या आठवड्यात मॅडमचाच फोन आला. पेशींमध्ये बीरॅफ नावाच्या जीनमध्ये बिघाड सापडला होता.

"तुमच्याकडं विहिरीवर मोटार आहे ना?" त्यांनी विचारलं. "समजा स्टार्टर चिकटून बसला. तुम्ही बटन बंद केलं तरी मोटार चालूच. तसं झालंय. पेशीला वाढ म्हणणारं बटन चालूच राहिलंय. यावर औषध आहे. अशा गाठीत हा बिघाड फार थोड्या लोकांत सापडतो."

गोळ्या दोन होत्या, डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब. मी विचारलं, दोन कशाला? त्या म्हणाल्या, "एकीनं स्टार्टर बंद होतो. पण ही गाठ हुशार आहे. ती पुढच्या तारेवर आकडा टाकते आणि तिथून करंट ओढते. म्हणून दुसरी गोळी पुढची तार बंद करते. दोन्ही एकदम घ्यायच्या, एकही चुकवायची नाही."

गोळ्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. मॅडमनी अर्ज लिहिले, एका संस्थेनं मदत केली. एवढंच त्याबद्दल.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी खाट हलेल एवढी थंडी वाजून ताप आला. हा त्या औषधाचाच त्रास असतो, हे आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. गोळ्या मॅडमना विचारून दोन दिवस थांबवल्या, परत सुरू केल्या. अंगावर पुरळ आलं. सांधे धरले. पण तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते उठले, माझ्या भावासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी कधी आलात?" माझा भाऊ तीन महिने त्यांच्या लाथा खात तिथंच होता. तो उठून बाहेर गेला आणि अंगणात उभा राहून ढसाढसा रडला.

दोन महिन्यांनी एमआरआय झाला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. मॅडमनी दोन फोटो शेजारी लावले. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हे बोलायला विसरल्या नाहीत, "ही गाठ या गोळ्यांनाही कधी तरी शिकेल. कधी, ते मला माहीत नाही. तोवर दर तीन महिन्यांनी यायचं."

याला आता दोन वर्षं होऊन गेली. गाठ आहे तेवढीच आहे.

बरं झाल्यावरचं कुणी सांगत नाही, ते मी सांगते. नवरा बरा झाला, मी झाले नव्हते. ते पाणी मागायला हात पुढं करायचे आणि मी डोकं खाली घालायची. त्यांच्या ते लक्षात आलं. एक दिवस म्हणाले, "शोभे, मी काय केलंय ते समदं सांग. गावात लोक माझ्याकडं बघून गप हुत्यात. ऋतू माझ्याजवळ येत न्हाई. मला आठवंना, म्हणून काय झालंच न्हाई का?"

मी सांगितलं. झाकणापासून गळ्यापर्यंत, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, "ऋतूच्या डोक्यावर मुसळ धरलं?" मी हो म्हणाले. त्यांनी भिंतीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. ऑपरेशनचं कपाळ. मी मागून मिठी मारून धरलं. आजारानंतर मी त्यांना पहिल्यांदा मायेनं हात लावला तो असा.

मग ते भगवानबप्पांकडं गेले. मी सोबत होते. बप्पांना अजून भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. उत्तमराव पायाशी बसले. बप्पा शेरडांकडं बघत म्हणाले, "डॉक्टर म्हन्ले गाठीनं मारलं. आसल. दुखतंय मातर मला." त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि आम्हीही माफी मागितली नाही. पोलिसांतली केस त्यांनी मागं घेतली. खांबाजवळ मारणाऱ्यांपैकी आमच्या घरी मात्र कुणी आलं नाही. सोसायटीत रोज समोरासमोर असतो, दूध मोजतो.

ऋतुजा आता दहावीला आहे. सुट्टीत येते. बापाशेजारी बसून जेवते, पण दाराच्या बाजूला बसते. मी तिला काही म्हणत नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढं. माणसाचा स्वभाव एकाएकी पालटला, सोबत सकाळची डोकेदुखी असली, उलटी असली, लाज सुटली असली, तर ऊन आणि ताण म्हणून बसू नका, डोक्याचा फोटो काढा. औषध लागू पडेना तर गाठीच्या तुकड्याची पुढची तपासणी होईल का, हे डॉक्टरांना तोंड उघडून विचारा. आणि तो बरा होईपर्यंत स्वतःला आणि मुलांना त्याच्या हाताच्या टप्प्यात ठेवू नका. आजारी आहे म्हणून मार कमी लागत नाही.

गावात ही गोष्ट पसरल्यावर आमच्या गल्लीतली लंका माझ्याकडं आली. ऊसतोडीला जाणारं जोडपं. तिचा नवरा सोपान तिला लग्नापासून मारतो. पाठीवर उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, बांधायच्या दोरीचे वळ मी पाहिलेले आहेत. तिनं पदर तोंडाला लावून विचारलं, "आक्का, आमच्याच्या डोक्यात बी गाठ आसंल का वं?"

त्या प्रश्नात किती आशा होती, ते मी कागदावर उतरवू शकत नाही. डोकं दुखतं म्हणून सोपानला समजावून आम्ही बीडला नेलं. स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन, मेंदू अगदी व्यवस्थित आहे." रिपोर्ट चांगला आला म्हणून बाकावर बसून ऊर बडवणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

महिन्याभरानं सोपाननं तिला चुलीतल्या लाकडानं भाजलं. मी तिला घेऊन नेकनूरच्या पोलीस ठाण्यात गेले, जबाब दिला आणि आमच्या घरी आणलं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी सोपान कोयता घेऊन अंगणात आला.

"लंके, भाईर ये! न्हाई तर घरात घुसून तोडीन."

मी दार लावायला उठले. उत्तमराव आधीच बाहेर गेले होते. त्यांना अजून नीट चालता येत नाही, डावा पाय ओढतो. ते ओट्याच्या कडेला बसले, सोपानच्या कोयत्यापासून दोन हातांवर, आणि शांतपणे म्हणाले, "सोपान, मी माझ्या बायकूचा हात मोडलाय. गळा दाबलाय. माझ्या डोक्यात गाठ हुती, त्याचा फोटो हाय माझ्यापाशी. तुझा बी फोटो काढलाय. तुझं डोस्कं साफ हाय. मग तुला काय झालंय, ते सांग. म्या आयकतो."

सोपाननं शिवी दिली. उत्तमराव हलले नाहीत, परत म्हणाले, "सांग की बे. काय झालंय तुला?"

गल्लीतली माणसं दारादारात येऊन उभी राहिली. त्यात खांबाजवळची दोघं होती. ती माना खाली घालून ऐकत होती. सोपानचा कोयता खाली आला, पण हातातून सुटला नाही. तो वळला आणि आपल्या घराकडं चालायला लागला.

लंका आता सकाळचं दूध मोजायला माझ्याबरोबर बसते.